उल्हास नदीच्या कांठचे ख्रिस्ती पंथभेद

ख्रिस्ती धर्मांतील फाटाफुटीचा इतिहास सांगावयाचा म्हटला, म्हणजे वक्त्याचें लक्ष सहजच युरोपकडे वळतें. इ. स. १०५४ मध्यें रोमच्या पोपचा वकील आणि कॉन्स्टँटिनोपलचा धर्मप्रमुख यांनीं एकमेकांना बहिष्कृत केलें आणि पूर्व व पश्चिम अशा दोन शाखा पडल्या. इ. स. १५१७ मध्यें जर्मनींत मार्टिन ल्यूथरनें आपले ९५ सिद्धांत मांडले आणि पश्चिमेकडील शाखेचे पुन्हां तुकडे झाले. एवढें सांगितलें कीं विषय संपला, असें पुष्कळांना वाटतें. परंतु या विषयाचा बराच भाग आपल्या दाराशींच घडलेला आहे.

कल्याण सोडून आगगाडी कर्जतच्या दिशेनें निघाली, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हीं गांवें एकामागून एक लागतात. उल्हास नदी बदलापुरावरून कल्याणला येते आणि पुढें ठाणें व वसई या दोन खाड्यांच्या वाटेनें समुद्राला मिळते. या एका पाण्याच्या कांठीं कल्याण, ठाणें आणि वसई हीं तीन जुनीं बंदरें वसलेलीं आहेत. ख्रिस्ती जगांत उठलेले कित्येक मोठे तंटे गलबतांत बसून या तीन बंदरांत उतरले. त्यांचाच मागोवा आज आपल्याला घ्यावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. जुन्या ख्रिस्ती परंपरेंत बिशपचा अधिकार कसा प्राप्त होतो? आधींचे बिशप नव्या माणसाच्या मस्तकावर हात ठेवून त्याला अभिषेक करतात. त्या बिशपांच्या मस्तकावर त्यांच्या पूर्वींच्यांनीं हात ठेवलेला असतो, आणि ही मालिका ख्रिस्ताच्या प्रेषितांपर्यंत अखंड पोंचते, अशी श्रद्धा आहे. आपल्याकडे मठाच्या गादीची गुरुपरंपरा सांगतात, तसाच हा प्रकार होय. बिशपच्या हातून धर्मगुरु निर्माण होतो आणि धर्मगुरूच्या हातून विवाह, पापनिवेदन, अंत्यविधि हे संस्कार होतात. म्हणून वरच्या हाताविषयीं संशय उत्पन्न झाला, कीं तो झिरपत झिरपत अगदीं गरिबाच्या झोंपडींत उतरतो. माझें लग्न धर्माप्रमाणें लागलें कीं नाहीं, माझ्या बापाला शेवटचा संस्कार योग्य माणसाकडून मिळाला कीं नाहीं, ही ती शंका. पंथभेदावरील ग्रंथांत चर्चा ईश्वराच्या स्वरूपाची असते. परंतु ‘हा हात कोणाचा?’ हा प्रश्न तिच्या बुडाशीं वारंवार सांपडतो. हाच धागा धरून आपण पुढें जाऊं.

इ. स. ५५० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या कोस्मास नांवाच्या व्यापाऱ्यानें ग्रीक भाषेंत जगाच्या रचनेवर एक ग्रंथ लिहिला. पृथ्वी सपाट आहे हें सिद्ध करण्याचा त्यांतील खटाटोप आज आपल्याला गमतीचा वाटेल. परंतु हिंदी महासागरांतील व्यापाराविषयीं त्यानें दिलेली माहिती मोलाची आहे. ‘कल्लिआना’ नांवाच्या बंदरांत इराणांतून नेमलेला बिशप असतो, असें तो स्पष्ट लिहितो. हें कल्लिआना दक्षिणेंतील असावें असें मानणारे कांहीं पंडित आहेत. परंतु कोस्मासनें पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांची जी यादी दिली आहे, तींत कल्लिआनाच्या मागोमाग ‘सिबोर’ म्हणजे आपलें चौल येतें, आणि त्यानंतर मिऱ्यांचा मलबार येतो. त्यामुळें हें बंदर म्हणजे आपलें कल्याणच, हें मत अनेक अभ्यासकांनीं स्वीकारलें आहे. कान्हेरीच्या लेण्यांना दानें देणाऱ्या व्यापाऱ्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. तेव्हां परदेशांतील व्यापाऱ्यांना हें गांव परिचित होतें यांत नवल नाहीं.

आतां प्रश्न असा, कीं कल्याणचा बिशप इराणांतून कां? रोमहून किंवा अलेक्झांड्रियाहून कां नाहीं? याचें उत्तर दोन साम्राज्यांच्या वैरांत आहे. रोमचा कैसर ख्रिस्ती झाला, तेव्हांपासून इराणच्या सासानी राजांना आपल्या राज्यांतील ख्रिस्ती प्रजा शत्रूची हस्तक वाटूं लागली. त्या प्रजेचा जीव मुठींत आला. अखेरीस इ. स. ४२४ मध्यें इराणांतील बिशपांनीं सभा भरवून ठरविलें, कीं आपल्या प्रमुखाविरुद्ध ‘पश्चिमेकडील’ धर्मपित्यांकडे कोणीं दाद मागूं नये. या प्रमुखाला ‘कॅथलिकोस’ अशी पदवी होती आणि तो तैग्रीस नदीवरील सेल्युसिया-टेसिफॉन या राजधानींत राहत असे.

त्यानंतर अवघ्या सात वर्षांनीं, इ. स. ४३१ मध्यें, इफिसस येथें परिषद भरली. कॉन्स्टँटिनोपलचा धर्मप्रमुख नेस्टोरियस याचें म्हणणें असें होतें, कीं मरियेला ‘देवमाता’ म्हणण्यापेक्षां ‘ख्रिस्तमाता’ म्हणणें अधिक बरोबर आहे. कारण तिनें जन्म दिला तो मानव ख्रिस्ताला. परिषदेनें त्याला पाखंडी ठरविलें. पदच्युत होऊन तो हद्दपार झाला आणि ईजिप्तमध्यें मरण पावला. त्याच्या मताच्या अध्यापकांची एडेसा येथील पाठशाला इ. स. ४८९ मध्यें रोमन बादशहानें बंद केली, तेव्हां त्या परंपरेला इराणच्या हद्दींतील निसिबिस येथें आश्रय मिळाला. जें मत कैसराला नकोसें झालें, तें इराणच्या राजाला निर्धोक वाटलें. इराणचें हें चर्च स्वतःला ‘पूर्वेकडील चर्च’ म्हणवी. ‘नेस्टोरियन’ हें नांव त्याच्या प्रतिपक्ष्यांनीं त्याला चिकटविलें. कल्याणच्या बिशपच्या मस्तकावरील हात या चर्चचा होता.

आणि हा हातही सदैव एक नव्हता. कोस्मास ज्या इराणी पंडिताला आपला गुरु म्हणून गौरवितो, तो मार आबा इ. स. ५४० मध्यें कॅथलिकोस झाला. त्याच्या आधीं सुमारें १५ वर्षें त्या एका गादीवर दोघे हक्क सांगत होते आणि ठिकठिकाणीं दोन दोन बिशप नेमले जात होते. मार आबानें गांवोगांवीं फिरून तो घोळ निस्तरला. पुढें एका शतकानें तिसरा ईशोयाब हा कॅथलिकोस असतां इराणच्या फार्स प्रांतांतील महाबिशपनें त्याची आज्ञा मानण्याचें नाकारलें. हिंदुस्थानांतील ख्रिस्ती समाज या फार्स प्रांताच्या आश्रयाखालीं होता. ईशोयाबनें त्या महाबिशपला लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. तुमच्या बंडामुळें हिंदुस्थानांतील लोकांना बिशप मिळेनासे झाले, अशी तक्रार त्यांत आहे. तंटा इराणांत दोन वरिष्ठांचा. आणि उपासमार समुद्रापलीकडील अशा लोकांची, ज्यांना त्या तंट्यांत कोणीं विचारलेंही नव्हतें! हा क्रम पुढेंही आपल्याला पुनःपुन्हां दिसणार आहे.

अंबरनाथचें शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मध्यें, शिलाहार राजा माम्वाणीच्या कारकीर्दींत उभें राहिलें. रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांची फारकत होऊन तेव्हां सहा वर्षें झालीं होतीं. परंतु पूर्वेकडील चर्चच्या अनुयायांना त्या फारकतीचें सोयरसुतक असण्याचें कारण नव्हतें. ते त्या दोघांपासून सहा शतकांपूर्वींच वेगळे झालेले होते.

आतां आपण ठाण्यास येऊं. इ. स. १३२१ मध्यें चार फ्रान्सिस्कन साधु ठाण्याच्या बंदरांत उतरले: टोलेंटिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रियस. त्यांच्याबरोबर जॉर्डानस नांवाचा डोमिनिकन पंथाचा साधु होता. त्यांना जावयाचें होतें अधिक दक्षिणेस. परंतु वाऱ्यानें गलबत ठाण्यास आणलें. त्यांच्यामागून आलेला फ्रान्सिस्कन प्रवासी ओदोरिक लिहितो, कीं ठाण्यांत त्या वेळीं ख्रिस्ती लोकांचीं १५ घरें होतीं, आणि तीं सर्व नेस्टोरियनांचीं होतीं. त्यांना तो पाखंडी म्हणून नांवें ठेवतो. पण या चार साधूंना डोकें टेकावयाला जागा मिळाली, ती त्याच पाखंडी ठरविलेल्यांच्या एका घरीं!

पुढें त्या घरांत नवराबायकोचें भांडण झालें. नवऱ्यानें बायकोला मारलें आणि तिनें काजीकडे फिर्याद नेली. साक्षीदार कोण, असें विचारतां तिनें घरीं उतरलेल्या परदेशी साधूंचीं नांवें सांगितलीं. साधूंना बोलावणें झालें, धर्मावर प्रश्नोत्तरें झालीं, आणि तीं इतकीं विकोपाला गेलीं कीं एप्रिल महिन्यांत चौघांनाही प्राणांस मुकावें लागलें. जॉर्डानस त्या वेळीं बाहेरगांवीं गेलेला होता म्हणून वांचला. त्यानें त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. पुढें ओदोरिकनें त्यांच्या अस्थि चीनपर्यंत नेल्या. मार खाऊन न्याय मागावयास गेलेल्या त्या बाईचें नांव मात्र ओदोरिकनें लिहून ठेवलें नाहीं, आणि तिच्या पंथाच्या लोकांनीं या प्रसंगाविषयीं काय म्हटलें, तेंही या वृत्तांतांत नाहीं.

या चौघांतील थॉमसचें पूर्वचरित्र पाहिलें, म्हणजे या गोष्टीला आणखी एक पदर आहे असें दिसतें. संत फ्रान्सिसनें आपल्या अनुयायांना संपूर्ण अपरिग्रहाचें व्रत दिलें होतें. परंतु संघ वाढला, मठ उभे राहिले, कोठारें भरलीं. तेव्हां मूळचें दारिद्र्य सोडूं नये असा आग्रह धरणारा एक कडवा पक्ष निघाला आणि संघाच्या वरिष्ठांनीं त्या पक्षाच्या लोकांना तुरुंगांत टाकलें. थॉमस हा त्यांपैकीं एक. कित्येक वर्षें तुरुंगांत काढल्यावर, इ. स. १२८९ मध्यें निवडून आलेल्या नव्या संघप्रमुखानें त्यांना सोडविलें आणि आर्मेनियांत धाडून दिलें. याच कडव्या मताच्या चार साधूंना इ. स. १३१८ मध्यें फ्रान्समधील मार्सेय येथें जिवंत जाळण्यांत आलें. आणि थॉमस ठाण्यास मारला गेला त्यानंतर दोनच वर्षांनीं, इ. स. १३२३ मध्यें, पोप बाविसावा जॉन यानें जाहीर केलें, कीं ख्रिस्त आणि त्याचे प्रेषित यांच्या मालकीचें कांहींच नव्हतें असें आग्रहानें म्हणणें हें पाखंड होय! थॉमसला रोमनें इ. स. १८९४ मध्यें ‘धन्य’ म्हणून गौरविलें. एकाच पक्षाचीं माणसें; एकाला वेदी मिळाली आणि दुसऱ्यांना चिता. मतभेदाचा निवाडा करणारा हात किती डळमळीत असतो, याचा हा मासला होय.

त्यानंतर दोन शतकांनीं पोर्तुगीज आले. डिसेंबर १५३४ मध्यें गुजरातच्या बहादुरशहानें वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख त्यांना दिला. पोर्तुगालच्या राजाला पोपांकडून एक विशेष हक्क मिळालेला होता, त्याला ‘पाद्रोआदो’ म्हणत. पूर्वेकडे धर्मप्रसाराचा खर्च राजानें सोसावा आणि त्या बदल्यांत बिशप कोण असावा तें राजानें सुचवावें, असा हा करार. आतां अभिषेकाच्या हातामागें राजाचा हात आला. गोव्यास इ. स. १५६० मध्यें इन्क्विझिशनची स्थापना झाली आणि कांहीं वर्षांच्या खंडासह ती इ. स. १८१२ पर्यंत चालली. मलबारांत तर इराणी परंपरेचे ख्रिस्ती अजून नांदत होते. इ. स. १५९९ मध्यें गोव्याचा महाबिशप मेनेझिस यानें उदयंपेरूर येथें सभा भरवून त्यांचा इराणशीं संबंध तोडला आणि त्यांचे अनेक सिरियाक ग्रंथ जाळविले. त्या समाजाचा क्षोभ इ. स. १६५३ मध्यें उफाळून आला. मट्टांचेरी येथें क्रूसाला दोर बांधून, तो धरून हजारों लोकांनीं शपथ घेतली, कीं यापुढें जेझुइटांचा अधिकार आम्ही मानणार नाहीं. त्यांतून पुढें त्या समाजाचे दोन भाग झाले: एक रोमशीं संलग्न राहिला, दुसरा वेगळा झाला.

गोमंतकांतही याच काळांत एक झगडा चालू होता, आणि त्याचा नायक आपल्या भागांतील आहे. दिवाडी बेटावरील ब्राह्मण ख्रिस्ती कुळांतील मातेउस द कास्त्रो या तरुणाला धर्मगुरु व्हावयाचें होतें. गोव्याच्या महाबिशपनें त्याला दीक्षा देण्याचें नाकारलें. तेव्हां तो रोमला गेला. तेथें इ. स. १६२२ मध्यें धर्मप्रसाराचें एक स्वतंत्र खातें निघालें होतें. त्याला ‘प्रोपागांदा’ म्हणत. पोर्तुगीज राजाच्या हातीं सर्व सत्ता राहूं नये, असें या खात्याच्या मनांत होतेंच. मातेउसला तेथें दीक्षा मिळाली आणि इ. स. १६३७ मध्यें त्याला बिशप करून आदिलशाही मुलुखांत पाठविण्यांत आलें. गोव्याच्या अधिकाऱ्यांनीं त्याला मानलें नाहीं. म्हणून त्यानें हद्दीपलीकडे, आदिलशाहींतील डिचोली येथें, आपलें ठाणें दिलें आणि देशी तरुणांना दीक्षा देण्यास आरंभ केला. हिंदी मनुष्य हिंदी माणसाच्या मस्तकावर हात ठेवीत आहे, हें दृश्य पोर्तुगीजांना सहन होण्याजोगें नव्हतें. त्याच्यावर फितुरीचा आरोप आला. इ. स. १६५३ मध्यें त्यानें आपली कैफियत एका पुस्तिकेच्या रूपानें मांडली. अखेर रोमलाच त्याचा अंत झाला. कोणी त्याला भांडखोर म्हणतील. तो सौम्य प्रकृतीचा नव्हता हें खरें. परंतु त्यानें उभा केलेला प्रश्न त्याच्याबरोबर मेला नाहीं.

त्याच्यासाठीं निर्माण झालेलें पद नांव आणि क्षेत्र बदलत बदलत युरोपांतील कार्मेलाइट साधूंच्या हातीं गेलें आणि इ. स. १७२० मध्यें मुंबईस येऊन स्थिरावलें. त्या वर्षीं मुंबईचा इंग्रज गव्हर्नर बून यानें पोर्तुगीज पक्षाच्या पाद्र्यांना बेटांतून काढून लावलें आणि कार्मेलाइटांना बोलाविलें. इ. स. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, तेव्हां पोर्तुगीज साधु निघून गेले. परंतु वसई व साष्टी येथील ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी आपल्या गांवींच राहिले, आणि गोमंतकीय धर्मगुरूंनीं त्यांचा धर्म सांभाळला. ते गोव्याच्या पक्षाचे. मुंबईचे कार्मेलाइट रोमच्या खात्याचे. दोन्ही पक्ष कॅथलिक, दोघांचा पोप एक, दोघांचा धर्मसिद्धांत एक, प्रार्थना एक! भेद होता तो केवळ हाताचा.

मुंबई सरकारनें इ. स. १७८९ मध्यें चर्चें गोव्याकडे दिलीं, इ. स. १७९१ मध्यें तीं पुन्हां कार्मेलाइटांना दिलीं, आणि इ. स. १७९४ मध्यें कंटाळून दोघांत वांटून टाकलीं. कॅथलिकांचा बिशप कोण, याचा निवाडा प्रॉटेस्टंट इंग्रज अधिकारी करीत आहेत, असा हा विलक्षण प्रकार होता. इ. स. १८३८ मध्यें पोपनें ब्रिटिश मुलुखांतील पाद्रोआदोचा अधिकार रद्द केला, तर गोव्याच्या पक्षानें तें फर्मानच मानलें नाहीं. इ. स. १८५३ मध्यें माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्यें कळस झाला. तेथील लोकांचा कल गोव्याच्या पक्षाकडे वळला, हें पाहून रोमच्या पक्षाचा बिशप हार्टमन हा स्वतः चर्चमध्यें जाऊन बसला आणि दारें लावून घेतलीं. बाहेरून लोकांनीं वेढा दिला. सुमारें पंधरवडाभर हा वेढा चालला. शेवटीं सरकारनें दारें उघडविलीं आणि चर्च दुसऱ्या पक्षाच्या हातीं गेलें. ज्या दारांतून वधूवर आंत जावयाचे आणि प्रेतयात्रा बाहेर यावयाची, त्या दाराला पहारा बसावा, याहून गांवकऱ्यांचें दुर्दैव तें कोणतें?

एकाच मुंबईंत दोन कॅथलिक सत्ता हा प्रकार इ. स. १९२८ पर्यंत चालला. त्या वर्षीं तोड निघाली ती अशी, कीं मुंबईचा महाबिशप एकदां पोर्तुगीज असावा आणि एकदां इंग्रज. या सर्व हिशेबांत हिंदी माणसाचें नांव कोठेंच नव्हतें. परंतु ही पाळी दोनदांच फिरली. पोर्तुगीज महाबिशप लीमा यांच्यानंतर आलेले इंग्रज महाबिशप रॉबर्ट्स यांनीं देशी माणसासाठीं आपण होऊन वाट मोकळी केली आणि इ. स. १९५० मध्यें व्हॅलेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय महाबिशप झाले. मातेउस द कास्त्रोला बिशपपद मिळून तेव्हां ३१३ वर्षें लोटलीं होतीं.

प्रॉटेस्टंट पंथांत अभिषेकाच्या परंपरेला इतकें महत्त्व नाहीं. मग तेथें हा प्रश्न सुटला होता काय? नाहीं. तेथें त्यानें दुसरें रूप घेतलें. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी इ. स. १८१३ मध्यें मुंबईस आले. मिशनची सूत्रें बोस्टनला होतीं. शाळा, छापखाना, देशी उपदेशकाचें वेतन, सर्व तेथून. येथें हात अभिषेकाचा नव्हता, तो वेतन देणारा होता. या हाताखालून बाहेर पडण्याचें धैर्य दाखविणारी दोन माणसें महाराष्ट्रांत निघालीं, आणि तीं दोन्ही महाराष्ट्राला ललामभूत झालीं आहेत.

पंडिता रमाबाईंनीं इ. स. १८८३ मध्यें इंग्लंडमधील वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. परंतु त्रैक्याचा सिद्धांत आणि चर्चच्या आज्ञा यांविषयीं त्यांनीं आपल्या धर्मभगिनींशीं जो पत्रव्यवहार केला, त्यांत त्या क्षणभरही नमलेल्या नाहींत. एका पुरोहितवर्गाचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविलें तें दुसऱ्या पुरोहितवर्गाचें जूं घेण्यासाठीं नव्हे, असा त्यांचा रोख होता. केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांनीं कोणत्याही एका पंथाचें निशाण उभारलें नाहीं; हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलाचें मराठी भाषांतर मात्र स्वतः केलें. इ. स. १९२२ मध्यें त्या निवर्तल्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें प्राथमिक शिक्षण आपल्या या कल्याणांतच झालें. इ. स. १८९५ मध्यें ते ख्रिस्ती झाले आणि अमेरिकन मिशनमध्यें काम करूं लागले. अभंग, ओंवी, कीर्तन यांच्या द्वारें त्यांनीं ख्रिस्तभक्तीला मराठी वेष दिला. नव्हे, मराठी जीव दिला. तरीही मिशनच्या वेतनाचें ओझें त्यांच्या मनाला जाचत होतें. इ. स. १९१७ मध्यें त्यांनीं तें वेतन सोडलें आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखाच प्रवेश होता. ख्रिस्त आणि त्याचा हिंदी भक्त यांच्यामध्यें परदेशी हात कशाला, हा त्यांचा सवाल. दोनच वर्षांनीं, इ. स. १९१९ मध्यें, टिळक वारले आणि दरबार वाढूं शकला नाहीं. परंतु या विचाराला फळ आलेंच नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. ज्यांचे भेद इंग्लंड-अमेरिकेंत उत्पन्न झाले होते, त्या मंडळ्यांनीं आपली एकी महाराष्ट्राच्या भूमीवर केली.

श्रोतेहो, आतां आपण पुन्हां आपल्या नदीकांठीं येऊं. महायुद्धांतील लष्करी छावणीच्या जागेवर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि ऑगस्ट १९४९ मध्यें तिचें नांव उल्हासनगर ठेवलें गेलें. अंबरनाथला कारखाने आले. त्यांच्यामागून कामगार आले, आणि पुढें बदलापूरपर्यंत घरांची रांग लागली. या कामगारांत केरळांतून आलेले ख्रिस्तीही होते. मलबारांत टिकून राहिलेल्या त्या जुन्या इराणी परंपरेचे, रोमशीं संलग्न राहिलेले हे लोक. त्यांना सिरो-मलबार म्हणतात. मुंबईच्या लॅटिन पद्धतीच्या चर्चमध्यें त्यांना परकें वाटे. आपली उपासना आपल्या पद्धतीनें व्हावी, अशी त्यांनीं मागणी केली. एकाच प्रदेशांत पुन्हां दोन बिशप कशाला, अशी हरकत लॅटिन बिशपांनीं घेतली. माहीमचा वेढा ज्यांना ठाऊक होता, त्यांना ही भीति वाटणें स्वाभाविक होतें. परंतु या वेळीं दारें लावलीं गेलीं नाहींत, चर्चा झाली. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं निर्णय दिला आणि ३० एप्रिल १९८८ रोजीं या लोकांसाठीं कल्याण येथें स्वतंत्र बिशपपद निर्माण झालें. कोस्मासच्या काळीं ज्या परंपरेचा बिशप कल्याणास होता, त्या परंपरेच्या उपासनेचा बिशप सुमारें साडेचौदाशें वर्षांनीं कल्याणास पुन्हां बसला! आज उल्हासनगर-अंबरनाथच्या या पट्ट्यांत मुंबईच्या महाबिशपच्या अधिकारांतील लॅटिन कॅथलिक आहेत आणि कल्याणच्या अधिकारांतील सिरो-मलबार कॅथलिकही आहेत. शेजारीं शेजारीं राहतात; एकाच गाडीनें कामावर जातात.

आणि इफिससच्या त्या तंट्याचें काय झालें? ११ नोव्हेंबर १९९४ रोजीं रोममध्यें पोप दुसरे जॉन पॉल आणि पूर्वेकडील चर्चचे प्रमुख चौथे मार दिन्खा यांनीं एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. ख्रिस्ताविषयीं दोघांची श्रद्धा एकच आहे आणि पूर्वींचे भेद बऱ्याच अंशीं गैरसमजांतून वाढले, अशी त्यांत कबुली आहे. ‘देवमाता’ आणि ‘ख्रिस्तमाता’ हीं दोन्ही नांवें एकाच श्रद्धेचीं वाचक म्हणून मान्य झालीं. हें मान्य होण्यास १५६३ वर्षें लागलीं. ठाण्यांतील पंधरा घरांच्या कानांवर मात्र ती वार्ता जाऊं शकत नाहीं.

या सर्व इतिहासाकडे पाहिलें, म्हणजे एक गोष्ट निःसंशय दिसते. एका गांवांत दोन हात असणें हें कांहीं संकट नव्हे. इ. स. १८५३ मध्यें दोन हात होते आणि इ. स. १९८८ मध्येंही दोनच झाले. एकदां वेढा पडला आणि एकदां शेजार झाला. भेद एवढाच, कीं पहिल्या वेळीं प्रत्येकानें दुसऱ्याचा हात हा हातच नव्हे असें म्हटलें, आणि दुसऱ्या वेळीं तो मान्य केला. मतभेद जाळून, कोंडून किंवा हद्दपार करून संपल्याचें उदाहरण या नदीच्या कांठीं तरी मला आढळत नाहीं. जे मिटले, ते समोरच्याचा अधिकार कबूल केल्यानें मिटले. आणि ज्यांना त्यासाठीं शतकानुशतकें थांबावें लागलें, तीं माणसें बहुधा पोप, राजे किंवा पंडित नव्हतीं. तीं होतीं बिशपाची वाट पाहणारे कल्याणचे व्यापारी, फिर्याद घेऊन गेलेली ठाण्याची बाई, कुलूप लागलेल्या दाराशीं उभे असलेले माहीमचे गांवकरी. धर्माचा इतिहास वाचतांना आपण सिंहासनांकडे पाहतों तसें या माणसांकडेही पाहावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.